रेडिएटरचा मिन्याचा बिल्ला घरच्या टेबलावर कसा दुरुस्त कराल

चला, टेबल रिकामं करा आणि त्यावर एक जुना टॉवेल अंथरा. आज आपण फोर्ड मॉडेल ए गाडीच्या, म्हणजे १९२८ ते १९३१ मधल्या मोटारीच्या, रेडिएटरवरचा निळा लंबगोल बिल्ला हातात घेणार आहोत. तो काढायचा, धुवायचा, जिथे टवके उडालेत तिथे रंग भरायचा आणि परत जागेवर बसवायचा. पहिल्यांदा करणाऱ्यासाठी हा बिल्ला सगळ्यात चांगला, कारण रंग एकच आहे: निळा. बाकी अक्षरं आणि कड धातूची. तुमच्याकडे शेव्हर्ले, डॉज ब्रदर्स, हडसन किंवा मॉरिसचा बिल्ला असेल, एखाद्या जुन्या ट्रकचा असेल, तरी क्रम हाच. रंग जास्त असले तर काय करायचं ते ओघात येईलच.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा, कारण पुढचा प्रत्येक इशारा तिच्यातूनच निघतो. मिना म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. धातू वाकतो, काच वाकत नाही.

सामान जमवून घ्या: सोनाराचं दहापट मोठं दाखवणारं भिंग, शिवणाची सुई, लाकडी टूथपिक, इअर बड, मऊ टूथब्रश, सौम्य लिक्विड सोप, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), पारदर्शक इपॉक्सी रेझिन आणि त्याचं हार्डनर, रेझिनमध्ये चालणारे रंग (निळा, काळा, पांढरा), ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, मुलांची खेळायची क्ले, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, सर्जिकल ब्लेड, प्लॅस्टिकवर चालणारं पॉलिश, मेण, एक मिलिमीटर जाडीचं रबरी शीट, रबरी हातमोजे आणि मास्क. रेझिन घेताना डब्यावर दोन गोष्टी वाचा: उन्हात पिवळं पडत नाही असं लिहिलंय का, आणि किती उष्णता सोसतं. साधं कलाकुसरीचं रेझिन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतं. बिल्ला रेडिएटरच्या बाहेरच्या शेलवर असेल तर ते बहुधा चालून जातं. थेट पाण्याच्या टाकीवर किंवा जाळीवर असेल तर जास्त उष्णता सोसणारंच घ्या. तिथे दोन पैसे वाचवू नका.

बिल्ला काढणं

१. गाडी पूर्ण थंड होऊ द्या. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी काम धरलंत तर उत्तम. गरम रेडिएटरजवळ हात आणि डोकं घालायचं नाही.

२. बिल्ला गाडीवर असतानाच समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. तो किती सरळ होता, कुठे टेकत होता, हे परत बसवताना लागणार आहे.

३. बिल्ल्याच्या खाली, बंपर आणि रेडिएटरच्या मधल्या जागेत, फिक्या रंगाचं कापड पसरा. काढताना मिन्याचा एखादा तुकडा सुटलाच तर तो कापडावर दिसेल. बिल्ल्यावर चिकटपट्टी मात्र लावू नका. ती उपटताना सैल तुकडे सोबत घेऊन येते.

४. बॉनेट उघडून टॉर्चनं मागची बाजू बघा. बिल्ला कशानं धरलाय ते ओळखल्याशिवाय हत्यार उचलू नका. जुन्या बिल्ल्यांना मागे बारीक बोल्ट आणि नट असतात, किंवा भोकातून घालून मागे दुमडलेल्या धातूच्या पाकळ्या असतात, किंवा कडेला छोटे स्क्रू. काही पितळी अक्षरं थेट रेडिएटरच्या जाळीवर असतात, आरपार घातलेल्या तारेनं किंवा लांब बोल्टनं बांधलेली.

५. नट असतील तर प्रत्येक नटावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे एक-दोन थेंब टाका आणि रात्रभर थांबा. हा थांबा टाळलात तर बोल्ट मुळातून पिळला जाऊन तुटतो, आणि बारीक बोल्ट पुन्हा जोडायचा म्हणजे उष्णता आली, उष्णता आली की मिना तडकला.

६. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताचा तळवा समोरून बिल्ल्यावर अलगद टेकवा. बिल्ला सुटला तर तळव्यात येईल.

७. उजव्या हातानं, नेमक्या मापाच्या पान्यानं, नट आधी किंचित घट्ट दिशेला आणि मग सैल दिशेला फिरवा. पक्कड वापरू नका, ती नटाचे कोपरे खाते. पाकळ्या असतील तर त्या पक्कडीच्या टोकाला कापड गुंडाळून, एकेक करून, हळूहळू उभ्या करा. जुनं पितळ एकदा वाकतं, दोनदा वाकेल याची खात्री नाही. म्हणून सरळ केलेली पाकळी पुन्हा मागेपुढे हलवून बघायची नाही. आणि जाळीवरची अक्षरं असतील तर तार समोरून ओढू नका, मागून कापा. जाळीचे पत्रे कागदासारखे पातळ असतात, एक ओरखडा आणि रेडिएटर गळायला लागला.

८. बिल्ला मागून बोटानं ढकलून पुढे काढा. समोरून कडेखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, कधीच नाही. चांगले बिल्ले सगळ्यात जास्त याच एका चुकीनं फुटतात: धातू केसभर वाकतो आणि वरची काच टचकन उडते.

९. नट, वॉशर, स्क्रू एका डबीत घालून डबीवर नाव लिहा. जुन्या बारीक बोल्टांचे आटे आजच्या दुकानातल्या नटांशी जुळतीलच असं नाही.

१०. आता मागच्या बाजूचा फोटो काढा. तिथे बनवणाऱ्याचा ठसा असू शकतो. अमेरिकी बिल्ल्यांवर कोलंबस, ओहायोच्या डी. एल. ऑल्ड कंपनीचं किंवा रॉचेस्टर, न्यू यॉर्कच्या बॅस्टियन ब्रदर्सचं नाव सापडलं तर आनंदानं उडी मारा आणि मागची बाजू अजिबात घासू नका. तो ठसा बिल्ला अस्सल असल्याचा चांगला पुरावा आहे.

तपासणी

११. टवक्याच्या कडेला, जिथे सहज दिसणार नाही अशा जागी, सुईचं टोक हलकेच टेकवून सरकवा. सुई घसरली आणि खूण उठली नाही तर तो काचेचा खरा मिना. सुई रुतली किंवा रेघ उमटली तर तो रंग आहे किंवा आधी कुणीतरी भरलेलं रेझिन. तसं असेल तर पुढे आयपीए वापरायचं नाही, नुसत्या साबणपाण्यावर भागवायचं.

१२. भिंगातून सगळा पृष्ठभाग बघा आणि कागदावर बिल्ल्याची आकृती काढून टवके, तडे, हिरवा गंज कुठे आहे ते खुणा करून ठेवा. धुतल्यावर काही तडे नवे दिसतील. ते आधीचे की आत्ताचे, हे या कागदावरून कळेल.

१३. इथे निर्णय घ्या. अर्ध्याहून जास्त मिना शाबूत असेल तर पुढे चला. बहुतेक मिना गेलेला असेल तर इथेच थांबा आणि बिल्ला भट्टीत मिना चढवणाऱ्या कारागिराकडे न्या. ते काम साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसवर होतं, घरच्या ओव्हनचं ते काम नाही. देताना बोल्ट दाखवून सांगा, कारण साध्या सोल्डरनं जोडलेले बोल्ट त्या भट्टीत गळून पडतात.

माझं मत विचाराल तर शंका असेल तिथे जुना मिना राखा. दोन-चार टवक्यांसकट मूळ काच ही नव्या चकचकीत लेपापेक्षा कितीतरी मोलाची आहे. आपण फक्त पडलेली भोकं बुजवतोय, बाकीचा बिल्ला आहे तसा राहणार.

धुणं

१४. हातमोजे घाला. जुन्या मिन्यात शिसं असू शकतं. हे मोजे आता काम संपेपर्यंत.

१५. एका भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात सोपचा एक थेंब टाका. पाणी हाताला जेमतेम ऊबदार लागलं पाहिजे. उकळतं पाणी ओतलंत तर काच तडकते.

१६. मऊ ब्रशनं, वजन न देता, गोल गोल घासा. आणि आता कान देऊन ऐका: चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर यातलं काहीही बिल्ल्याला लावायचं नाही. देवघरातल्या समईला जे चालतं ते इथे चालत नाही. आंबट पदार्थ मिन्याची चकाकी खातात आणि पावडर धातूवरचा मुलामा उतरवते.

१७. स्वच्छ कोमट पाण्यानं धुवा. थंड नळाखाली धरू नका.

१८. सुती कापडानं टिपून घ्या. पुसू नका, टिपा. पुसताना धागा टवक्याच्या कडेला अडकतो.

१९. पंख्याखाली पूर्ण दिवसभर वाळू द्या. तड्यांमध्ये ओल राहिली तर रेझिन त्या जागी धरत नाही. पावसाळा असेल तर दोन दिवस द्या.

२०. इअर बड आयपीएमध्ये किंचित ओला करून टवक्यांच्या आत आणि अक्षरांच्या कडांना फिरवा. जुनं ग्रीस काळं होऊन बडावर येईल. बड काळा होणं थांबेपर्यंत बड बदलत राहा. जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको.

२१. टवक्यातला हिरवा गंज टूथपिकनं खरवडा. तळाशी स्वच्छ धातू दिसला पाहिजे. टूथपिकला दाद देत नसेल तर सुई आडवी धरून, मधूनच खरवडा. कडेकडे सुई नेलीत तर उरलेला मिना उचलला जाईल. हे करताना मास्क हवाच आणि निघालेली पूड फुंकून उडवायची नाही, ओल्या टिश्यूनं टिपायची.

२२. धातूची कड आणि अक्षरं बघा. किंचित पिवळसर, उबदार झाक असेल तर निकेलचा मुलामा, निळसर थंड चमक असेल तर क्रोम. दोन्हींना कोरड्या मऊ कापडाशिवाय काही लावू नका. निकेल फार पातळ असतं आणि खरखरीत पॉलिशनं दोन मिनिटांत खालचं पितळ दिसायला लागतं.

रंग जुळवणं

इथे घाई करू नका. बिल्ला चांगला दिसणार की ठिगळ लावल्यासारखा, हे सगळं या टप्प्यावर ठरतं.

२३. बिल्ला खिडकीत तिरका धरून हलवा आणि मिना आरपार आहे की घट्ट ते ठरवा. हलवताना तळाचा धातू किंवा कोरलेली नक्षी चमकली तर मिना पारदर्शक. काहीच दिसलं नाही, सगळा रंग एकसारखा राहिला, तर अपारदर्शक. पारदर्शकासाठी पारदर्शक रंगच लागतो. तिथे घट्ट निळा भरलात तर तो डाग म्हणून लांबूनही दिसतो.

२४. एका कपात रेझिनचा फक्त पहिला भाग, १० ग्रॅम, वजन करून घ्या. हार्डनर आत्ता घालायचं नाही. हार्डनर नसलेलं रेझिन घट्ट होत नाही, त्यामुळे तुम्ही दिवसभर निवांत रंग जुळवत बसू शकता.

२५. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा निळा घाला आणि हळू ढवळा. एकूण रंग रेझिनच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आतच ठेवा, म्हणजे १० ग्रॅमला अर्धा ग्रॅम. त्याहून जास्त झाला तर रेझिन नीट कडक होत नाही.

२६. बिल्ल्यावर बोटानं पाण्याचा हात फिरवा. घासलेला जुना मिना कोरडा असताना फिका दिसतो. ओला झाला की त्याचा खरा रंग वर येतो, आणि जुळवायचं ते त्या रंगाशी.

२७. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर रेझिनचा थेंब ठेवा आणि पट्टी बिल्ल्याच्या शेजारी धरा. थेंबाची जाडी टवक्याच्या खोलीएवढी असू द्या. पातळ थर फिका दिसतो, जाड गडद. पारदर्शक मिन्यासाठी पट्टीखाली घासलेल्या पितळेचा तुकडा ठेवून बघा, म्हणजे खालून येणारा उजेड बिल्ल्यासारखाच मिळेल.

२८. हे बघणं सकाळच्या उजेडात, सावलीत करा. ट्यूबलाइटखाली जुळलेला निळा रस्त्यावर गेला की जांभळा निघतो.

२९. रंग फार भडक वाटला तर काळा घाला, तोही टूथपिकच्या टोकाला लागेल तेवढाच. या बिल्ल्याचा निळा गडद असतो, त्यामुळे थोडा काळा लागतोच. पण काळा घालणं सोपं, काढणं अशक्य. प्रत्येक टोकानंतर नीट ढवळा, थेंब ठेवा, बघा, आणि मगच पुढचं टोक.

३०. जुळलेल्या रंगातून दोन ग्रॅम वेगळं काढून, त्यात हार्डनर घालून एक नमुना थेंब कडक होऊ द्या. कडक झाल्यावर रंगाची छटा थोडी बदलू शकते. नमुना पसंत पडला की मगच बिल्ल्याकडे वळा. एक दिवस जातो, जाऊ द्या.

भरणं

३१. बिल्ला क्लेच्या गोळ्यावर दाबून बसवा. मागचे बोल्ट क्लेमध्ये रुतू द्या, म्हणजे तो हलणार नाही.

३२. भरायची जागा आडवी, पाण्यासारखी सपाट येईल असा गोळा कलवा. कमानदार बिल्ला असेल तर एका वेळी एकाच बाजूचे टवके सपाट येतील. बाकीचे पुढच्या खेपेला. सगळे एकदम भरायला गेलात तर रेझिन उताराला वाहून कडेवर साचतं.

३३. टवके आयपीएच्या बडानं शेवटचे पुसून दहा मिनिटं वाळू द्या. यानंतर उघड्या बोटानं त्या जागेला हात लावायचा नाही. बोटाचं तेल रेझिनला धरू देत नाही.

३४. उरलेल्या रंगीत रेझिनमधून या खेपेपुरतं वेगळं काढून त्याचं वजन करा आणि डब्यावरच्या प्रमाणात हार्डनर मोजून घाला. डोळ्यांनी अंदाज नको, काट्यानंच. काही रेझिनचं प्रमाण दोनास एक असतं, काहींचं तीनास एक, काहींचं वजनानं वेगळं आणि मापानं वेगळं. तुमच्या डब्यावर जे असेल तेच. प्रमाण चुकलं तर भरलेली जागा महिनाभरानंतरही बोटाला चिकट लागते.

३५. तीन मिनिटं हळूहळू ढवळा, कपाच्या भिंती आणि तळ खरवडत. जोरात फेटलंत तर बुडबुडे भरतील.

३६. मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या कोपऱ्यात न मिसळलेलं रेझिन राहतं, ते तिथेच सोडून द्या.

३७. पाच मिनिटं कप तसाच ठेवा. बुडबुडे आपोआप वर येऊन फुटतील.

३८. सुईच्या टोकावर बारीक थेंब घेऊन टवक्याच्या मध्यभागी सोडा. कडेला सोडू नका, कडेखाली हवा अडकते. रेझिन स्वतःहून कडांपर्यंत पसरेल, त्याला फक्त थोडा वेळ द्या.

३९. थेंबावर थेंब देत जागा भरत न्या, शेजारच्या मिन्यापेक्षा केसभर उंच येईपर्यंत. कडक होताना रेझिन थोडं बसतं. काठोकाठ भरून थांबलात तर नंतर खळगा पडतो. पण उंचवटा केसभरच, कारण जो जास्त भराल तो नंतर कापत बसावं लागेल, आणि कापताना शेजारी मूळ काच आहे.

४०. भिंगातून बघून उरलेले बुडबुडे सुईनं टोचा. तोंडानं फुंकर घालू नका. श्वासातल्या ओलीनं वरचा थर दुधाळ होतो.

४१. धातूच्या अक्षरांवर सांडलेलं रेझिन लगेच कोरड्या बडानं टिपा आणि मग आयपीएच्या बडानं पुसा. भरलेल्या जागेपासून बड बाहेरच्या दिशेनं ओढा. कडक झाल्यावर हेच काम दहापट अवघड.

एकापेक्षा जास्त रंगांचा बिल्ला असेल तर एका वेळी एकच रंग. पहिला कडक झाला की ३१ पासून दुसऱ्याला सुरुवात. दोन रंगांच्या मधली धातूची रेघ शाबूत असेल तर ती बांधासारखी काम करते. ती झिजली असेल तर आधी फिका रंग भरा, नंतर गडद. गडद रंग फिक्यात उतरला तर लपत नाही, उलटं झालं तर लपतं.

४२. वर उलटा डबा झाकून ठेवा आणि पॅकवर दिला असेल तेवढा वेळ, सहसा २४ ते ७२ तास, हात लावू नका. पावसाळ्यात खोली दमट असते, तेव्हा डब्याबाहेर थोड्या अंतरावर साधा पिवळा बल्ब लावून ऊब राखा. "कडक झालं का" म्हणून बोट लावायचा मोह होईल. त्यासाठी कपात उरलेलं रेझिन दाबून बघा, बिल्ला नव्हे.

सपाट करणं आणि चकाकी

४३. सर्जिकल ब्लेड जवळजवळ आडवं धरून रेझिनचा उंचवटा पातळ पातळ काढा. पात्याची पाठ शेजारच्या मिन्यावर टेकलेली ठेवा, धार रेझिनवर. पातं तिथे सहसा काचेला ओरखडत नाही, वॉटर पेपर मात्र नक्की ओरखडतो. म्हणून जेवढं काम पात्यानं होईल तेवढं पात्यानंच करा.

४४. वॉटर पेपरचा बोटाच्या नखाएवढा तुकडा कापून पेन्सिलच्या मागच्या रबरावर चिकटवा. मोठा तुकडा घेऊन सरसकट घासायचं नाही. सगळा बिल्ला धुरकट होईल आणि ती मूळ चकाकी परत येत नाही.

४५. भरलेल्या जागेवर पाण्याचा थेंब ठेवून १००० नंबरनं फक्त रेझिन घासा. कोरडं घासू नका. पुडीत शिसं असू शकतं, ओलं घासलं की ती उडत नाही. निघालेला गाळ टिश्यूनं टिपून कचऱ्याच्या पिशवीत बंद करा, बेसिनमध्ये धुवू नका.

४६. नखानं कड चाचपा. नख अडकत असेल तर आणखी घासा, सरकून गेलं तर थांबा. इथे मोज्यातून कळत नाही, म्हणून एक मोजा काढा आणि लगेच हात धुऊन पुन्हा घाला.

४७. २००० नंबरनं तीच जागा पुन्हा घासा. ती एकसारखी मंद दिसली पाहिजे. मध्ये चकाकणारा ठिपका दिसला तर तिथे खळगा आहे. खळगा असेल तर ३३ वर जा आणि एक थेंब वाढवा. यात काही बिघडत नाही, सरावलेले लोकही दोन थरांतच भरतात.

४८. इअर बडवर प्लॅस्टिकचं पॉलिश घेऊन भरलेली जागा चोळा. दोन-तीन मिनिटांत चमक येते. यंत्राला लावलेली बफ वापरू नका, रेझिन तापून मऊ पडतं.

४९. सगळ्या बिल्ल्यावर मेणाचा पातळ हात द्या आणि दहा मिनिटांनी मऊ कापडानं पुसा. मेणाच्या डब्यावर "क्लीनर" असं लिहिलेलं असेल तर ते नको, त्यात घासणारी पूड असते.

परत जागेवर

५०. बिल्ल्याच्या मापाचं रबरी शीट कापा, कडेनं केसभर आत. हे शीट दोन कामं करतं: रेडिएटरची धग अडवतं आणि खडखडाट पितं. ट्रकचा बिल्ला असेल तर दोन थर घाला, त्याला हादरे जास्त बसतात.

५१. शेलवर ज्या जागी बिल्ला टेकतो ती जागा पुसून, जुना गंज काढून सपाट करा. एखादा खडा किंवा गंजाचा पोपडा राहिला तर नट आवळताना बिल्ला त्याच्यावर वाकतो.

५२. शीट आधी, बिल्ला त्यावर, आणि सुरुवातीचे फोटो समोर ठेवून तो सरळ करा. दोन पावलं मागे जाऊन बघा. जवळून सरळ वाटणारा लांबून तिरका निघतो.

५३. मागून वॉशर घालून नट बोटांनीच फिरवा, फिरायचा थांबेपर्यंत.

५४. पान्यानं फक्त पाव फेरा द्या, सगळ्या नटांना आळीपाळीनं. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जायचं नाही. पाव फेऱ्यानंतर "अजून थोडं" असं वाटेल, ते ऐकू नका. पाकळ्या असतील तर अंगठ्यानं दाबूनच दुमडा, हातोडी दूर ठेवा.

५५. इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालू द्या, मग बंद करून थंड होऊ द्या आणि भरलेल्या जागा भिंगातून बघा. रेझिन मऊ पडलं किंवा कडेला रेघ सुटली तर रेझिन त्या धगीला पुरत नाही. बिल्ला काढा आणि जास्त उष्णता सोसणारं रेझिन घेऊन २४ पासून पुन्हा करा.

५६. गाडी घेऊन गल्लीत एक चक्कर मारा.

५७. परत आल्यावर, गाडी थंड झाली की, नट बोटांनी चाचपून बघा. रबर दबून बसलेलं असतं, त्यामुळे एखादा सैल लागेल. त्याला आणखी एक अष्टमांश फेरा द्या आणि पाना पेटीत ठेवा.